कढ

लग्न होऊन मी जुहूला आले, तेव्हा आई दर पंधरवड्याला पत्र लिहायची. आता आई नाही. पत्रांचा गठ्ठा तेवढा आहे. मराठी शिकवणाऱ्या बाईची मुलगी, पण आजीच्या शब्दांशी अडखळते! तिच्यासाठी मी संगणकावर तक्ता मांडला. दाते-कर्व्यांच्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'चे सात विभाग १९३२ ते १९३८ या काळात निघाले. ते चाळून अर्थ उतरवले. लेकीने 'व्हीलुकअप'चे सूत्र घातले. एका चौकटीत शब्द लिहावा, की शेजारच्या चौकटीत अर्थ हजर!

एका संध्याकाळी तिने विचारले, "आई, आजी काय उकळत होती गं?"

पत्रात होते, 'तुझी रिकामी खोली पाहून कढ आला.' तक्ता सांगत होता, 'कढ : उकळी.'

बिचाऱ्या यंत्राचा दोष नव्हता. नेमका शब्द शोधायला सांगितला, की हे सूत्र वरून खाली जाते आणि तो पहिल्यांदा भेटला की तिथेच थांबते. 'मायेचा उमाळा' हा अर्थ मी खालच्या ओळीत लिहिला होता. तिथवर ते पोचलेच नाही.

पण मी तरी कुठे पोचले होते? ते पत्र आले तेव्हा नव्या संसाराच्या गडबडीत मी ते वाचले, घडी घातली आणि ठेवून दिले. उत्तरात कढाबद्दल अक्षरही लिहिले नाही.

येत्या जूनमध्ये लेक शिकायला पुण्याला जाईल. तिची खोली रिकामी होईल. परवा पुन्हा ते पत्र उघडले, आणि कोश न काढताच सारा अर्थ कळला.