परत करायचे राहून गेलेले पुस्तक

वाचकहो, दसऱ्याचे सोने वाटून झाले की दुसऱ्या दिवशी मी पिशवी घेऊन गावच्या वाचनालयात जाते. गेली कित्येक वर्षे हा माझा नेम आहे. सासूबाई होत्या तेव्हा हसून म्हणायच्या, "गावाचं सीमोल्लंघन दसऱ्याला, आमच्या सूनबाईचं त्याच्या दुसऱ्या दिवशी!"

तुम्ही म्हणाल, भुईमूग काढणीला आलेला, सोयाबीनची मळणी चाललेली, शाळूची पेरणी तोंडावर, अशात या बाईला वाचन सुचते तरी कसे? बरोबर आहे तुमचे. पण वेळ आपल्याला कधीच नसतो. पावसाळ्यात भांगलण असते, उन्हाळ्यात कुरडया-पापड आणि पै-पाहुणे. शरदात निदान दिवस आखडू लागतो. अंधार लवकर पडतो, तसे रानातून लवकर घरी यावे लागते. भाकऱ्या होईपर्यंत कुणी काही मागत नाही आणि जेवणे उरकल्यावर बाहेर गार वारा सुटलेला असतो. तेवढा तासभर माझा.

आमचे वाचनालय म्हणजे ग्रामपंचायतीच्या मागची एक खोली. दोन लोखंडी कपाटे, एक लांब टेबल आणि वर्तमानपत्रे वाचायला येणारी पाच-सहा वडीलधारी माणसे. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा 1967 साली झाला. त्यानंतर वाचनालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग पडले. आमचे 'ड' वर्गातले, म्हणजे शेवटच्या बाकावरचे. पण शेवटच्या बाकावर बसणारी पोरेही कधीकधी नाव काढतात, तसे आहे हे. दिवाळी आली की इथे अंकांसाठी नंबर लागतात. 'मनोरंजन' मासिकाने 1909 साली दिवाळी अंक काढला, तेव्हापासूनची ही मराठी माणसाची हौस. फराळाच्या ताटाशेजारी अंक नसला तर आमच्याकडे दिवाळी सुनी वाटते.

आज मात्र तुम्हाला सांगायची आहे ती माझी एक चूक.

काही वर्षांपूर्वी अशाच दसऱ्यानंतर मी लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे' घरी आणले. या बाई 1868 साली नाशिकजवळच्या जलालपूरला जन्मल्या. खेळायच्या वयात त्यांचे लग्न झाले. शाळेचे तोंड पाहिले नाही, लिहा-वाचायला शिकल्या त्या लग्नानंतर घरीच. आणि त्यांनीच पुढे आपल्या आयुष्याची अशी हकीकत लिहिली, की वाचताना हसून डोळ्यांत पाणी यावे आणि पुढच्याच पानावर खरेच रडू यावे. तिचा पहिला भाग 1934 साली निघाला. 1936 साली त्या गेल्या आणि राहिलेली हकीकत मुलाने, देवदत्त टिळकांनी, पुरी केली.

पुस्तक मला इतके आवडले की परत द्यायला हात धजेना. पिठाच्या डब्यामागच्या फळीवर ते ठेवले. दुपारी हात रिकामा झाला की काढायचे, चार पाने वाचायची, पुन्हा ठेवायचे. वाचनालयातल्या भाऊंनी दोनदा आठवण केली. "आणते की, भाऊ," म्हणाले आणि विसरले. दिवाळी गेली, तुरी आल्या, शाळूची काढणी आली, नणंदेच्या मुलीचे लग्न आले. बघता बघता वर्ष गेले.

पुढच्या दसऱ्याला ओशाळून ते परत न्यायला निघाले. भाऊ काही बोलले नाहीत. फक्त मागणीची वही उघडून त्यांनी माझ्यापुढे सरकवली. 'स्मृतिचित्रे' या नावापुढे तीन वेगवेगळ्या तारखांना एकच सही होती. मोठी, वाकडी, एकेक अक्षर सुटे काढलेली. आमच्या मागच्या आळीतल्या आत्याबाईंची.

आत्याबाई पन्नाशीच्या घरात असताना साक्षरतेच्या वर्गात अक्षरे शिकल्या. राष्ट्रीय साक्षरता अभियान 1988 साली सुरू झाले, पुढे ते गावोगाव पोचले, तेव्हा रात्री कंदील घेऊन त्या वर्गाला जायच्या. मोठ्या टायपाच्या पोथीपासून सुरुवात करून त्या हळूहळू पुस्तकांपर्यंत आल्या होत्या. लग्नानंतर शिकलेल्या एका बाईने पुस्तक लिहिले आहे, हे त्यांनी रेडिओवर ऐकले होते. "मला तीच वाचायची," असे त्यांनी भाऊंना सांगितले होते.

मी पुस्तक तसेच घेऊन त्यांच्या घरी गेले. त्या ओसरीवर बसल्या होत्या. "कोण गं?" म्हणाल्या. मी अगदी समोर उभी होते.

त्या वर्षात त्यांची नजर गेली होती. काचबिंदू. हळूहळू बाजूचे दिसेनासे होते, दुखत नाही, म्हणून माणूस लक्ष देत नाही. आणि गेलेली नजर मग परत येत नाही. मोतीबिंदू काढता येतो, हा नाही. वेळेवर कळले तर औषधाने उरलेली नजर राखता येते. म्हणून चाळिशी ओलांडलेल्यांनी डोळे तपासून घ्यावेत, हे जाता जाता सांगून ठेवते.

"आत्या, पुस्तक माझ्याकडंच होतं. वर्षभर," मी म्हणाले. मान वर करवेना.

त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग हात पुढे केला, पुठ्ठ्यावरून बोटे फिरवली. "एवढं जाडजूड आहे व्हय? बरं झालं. मला वर्ष पुरलं नसतं." आणि मग म्हणाल्या, "तुला डोळे आहेत न्हवं? मग वाच की."

त्या दिवसापासून रोज दिवेलागणीनंतर मी त्यांच्या ओसरीवर बसू लागले. त्या चाचपडत शेंगा फोडायच्या, मी वाचायची. चार दिवसांनी शेजारच्या दोघी आपापली सुपे घेऊन आल्या. आठवड्यात ओसरी भरली. मी एकटीने वाचले तेव्हा जिथे नुसती हसले होते, तिथे या बायका आपल्या घरच्या गोष्टी सांगू लागल्या. ज्या कधी कुठे बोलल्या नव्हत्या, त्या बोलल्या. तेच पुस्तक मी वर्षभर फळीवर दडवले होते, पण ते कळले मला ओसरीवर.

तुळशीचे लग्न लागले त्या सुमारास पुस्तक संपले. मला वाटले, आत्याबाई आणखी काही दिवस ठेवून घे म्हणतील. त्या म्हणाल्या, "उद्याच्या उद्या देऊन ये. वहीत आणखी कुणाचं नाव असंल."

वाचकहो, आपण शेतकरी माणसे. बियाणे कणगीत ठेवून राहिले तर त्याला टोके लागतात, हे आपल्याला कुणी शिकवावे लागत नाही. पुस्तकाचेही तसेच आहे. यंदा दिवाळीची झाडलोट करताना फळीवर, कोनाड्यात, ट्रंकेत वाचनालयाचा शिक्का असलेले एखादे पुस्तक सापडले, तर लाजू नका. आधी ते परत करून या. आणि जमले तर मागणीची वही चाळा. तिथे एखादी वाकडी, सुट्या अक्षरांची सही तुमची वाट पाहत असेल.