चालणे

तळ्याकाठी माणसे फिरायला का जातात, याचे उत्तर डॉक्टरांना ठाऊक असते: रक्तातील साखर. पण साखर काय, कोणत्याही रस्त्याने चालले तरी उतरते! आमच्या जालन्यात मात्र 'रोज चाला' असे फर्मान सुटले, की पाय आपोआप मोती तलावाच्या बांधाकडे वळतात. पहाटे तेथे निवृत्त मास्तर भेटतात, मोंढ्यातले अडते भेटतात. पहिल्या फेरीत राजकारण होते, दुसरीत सरकीचे भाव, आणि तिसरीत ज्याचे त्याचे गुडघे.

मी मराठीचा अध्यापक. 'चालणे' या क्रियापदाचे मला नेहमी कौतुक वाटते. आपल्याकडे घड्याळ चालते, संसार चालतो, आणि 'चालेल हो' म्हटले की काहीही चालून जाते. पण या गावात एके काळी पाणीसुद्धा चालत येई. हा तलाव जमशेदखानाने बांधला आणि जमिनीखालून नळ घालून त्याचे पाणी गावातल्या हौदांत आणून सोडले. पुढे निजामाच्या राजवटीत घाणेवाडीचा जलाशय झाला. त्याचेही पाणी नुसत्या उताराने, विजेवाचून शहरात येते. ना पंप, ना खडखडाट!

२०१२ च्या दुष्काळात हे चालणे थांबले. गल्लीत टँकर येई आणि साठी ओलांडलेली माझी आई कळशी घेऊन रांगेत उभी राही. आम्ही रागावलो तर म्हणे, "अरे, पाण्याला का पाय असतात? आपणच जायला हवं." उताराने घरी येणारे पाणी म्हातारीला डोक्यावरून आणावे लागत होते. त्या फेऱ्या तिला कोणा डॉक्टरने सांगितल्या नव्हत्या!

घाणेवाडीतला गाळ पुढे लोकांनीच पुढाकार घेऊन काढला आणि शेतकऱ्यांनी तो आपल्या रानात नेऊन पसरला. तळे राखणे म्हणजे दुसरे काय? खापरपणज्याने केलेल्या उताराची पणतवंडांनी आठवण ठेवणे. तळ्याच्या काठाने चालणाऱ्या आम्हां मंडळींना आपल्या पावलांची संख्या तोंडपाठ असते. पाण्याची खोली मात्र क्वचितच कोणी विचारतो.

आई विचारते. आता तिला जिना उतरवत नाही. मी फिरून आलो, की ती "किती चाललास?" असे म्हणत नाही. चष्मा पुशीत एवढेच म्हणते, "पाणी कुठवर आलंय रे?"