अक्राणीचा आमचूर

रंगाने पिवळट पांढरा, अंगाने वाकडा, कडा आत मुडपलेल्या. मूठभर हातात घेतला तरी वजन जाणवत नाही. दोन तुकडे एकमेकांवर आपटले तर लाकडाच्या ढलप्यांसारखे खडखडतात. जिभेवर ठेवला की पहिले काही क्षण तो गप्प असतो. मग लाळ सुटते, आंबटपणा जिभेच्या कडांनी मागे सरकतो आणि थेट कानशिलात जाऊन बसतो. कैरीचा सगळा ताठा त्याच्यात शिल्लक आहे, फक्त पाणी गेलं आहे.

हा आमचूर नंदुरबार जिल्ह्यातला, सातपुड्याच्या आतल्या डोंगरांतला. अक्राणी तालुका, म्हणजे धडगाव आणि त्याच्या भोवतालचे पाडे, आणि शेजारच्या अक्कलकुवा तालुक्यातला मोलगीचा परिसर, हे त्याचं घर. दक्षिणेला तापीचं सपाट खोरं, उत्तरेला नर्मदा. मधल्या डोंगररांगांत भिल्ल आणि पावरा लोकांची वस्ती. इथे गाव एका जागी गोळा झालेलं दिसत नाही. एक घर या टेकाडावर, दुसरं ओहोळापलीकडे, आणि घरापाशी, बांधावर, उतारावर आंब्याची झाडं. कोयीपासून उगवलेली, कुणी कलम न केलेली, त्यामुळे प्रत्येक झाडाची चव निराळी. एखादं इतकं आंबट की पिकल्यावरही दात शिवशिवावेत. एखाद्याची फळं लहान, पण गर घट्ट. कुठल्या झाडाची कैरी वाळवायची आणि कुठल्या झाडाची पिकायला ठेवायची, हे घरातल्या बायकांना पक्कं ठाऊक असतं.

खाली खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नवी घागर भरतात, पितरांना आमरस आणि पुरणपोळीचा नैवेद्य दाखवतात, आणि तिथून आंबा खायला मोकळीक होते. नेमक्या त्याच दिवसांत वर अक्राणीत कैरी झाडावरून उतरत असते. म्हणजे खालच्या घरांत आंबा पिकण्याची वाट पाहिली जाते, आणि वरच्या घरांत तो पिकण्याआधी गाठावा लागतो. मला आमचुराविषयी जे सांगायचं आहे, ते या फरकापासूनच सुरू होतं.

पिकलेल्या आंब्याला घाई असते. आज उतरवला तर चार दिवसांत पेठेत पोचायला हवा, नाहीतर त्याचा चिखल. ज्या गावाला रस्ता नाही, जिथून बाजाराला जायचं तर डोक्यावर ओझं घेऊन दोन डोंगर ओलांडावे लागतात, त्या गावाला पिकलेला आंबा विकता येत नाही. खाऊन खाऊन किती खाणार? उरलेला झाडाखाली सडायचा. आमचुराचं तसं नाही. तो थांबू शकतो. पोत्यात भरून घराच्या आढ्याखाली ठेवला तर सवडीने बाजाराला नेता येतो, भाव पडला असेल तर पंधरा दिवस मागे ठेवता येतो. कैरीत ऐंशी टक्क्यांहून जास्त पाणी असतं. ते उन्हाला देऊन टाकलं, साल आणि कोयही काढून टाकली, की उरतो तो माणसाच्या डोक्यावरून डोंगर उतरू शकेल एवढाच आंबा. वाट नसलेल्या मुलखाने आंब्याला दिलेलं हे रूप आहे.

जगात इतरत्रही हेच झालेलं दिसतं. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात किनाऱ्यालगत फिलिप नावाचं बेट आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून तिथले शेतकरी चिकोरी पिकवत. आपल्याकडे फिल्टर कॉफीत मिसळतात तीच ही चिकोरी, निळ्या फुलांच्या झाडाचं मूळ. ते खणायचं, चिरायचं आणि भट्टीत लाकडाच्या आचेवर वाळवायचं. त्या भट्ट्यांच्या उंच छपरांच्या जुन्या इमारती बेटावर अजून दिसतात. मुख्य भूमीला जोडणारा पूल झाला तो १९४० साली. तोवर जे काही विकायचं ते होडीने न्यावं लागे, आणि वाळलेलं मूळ होडीत सडत नाही. त्या बेटाला भट्टी लागली. अक्राणीला एप्रिल-मेचं ऊन पुरतं.

आमचूर घडतो तो बायकांच्या हातून. पुरुष आणि पोरं झाडावर चढून कैरी उतरवतात, पण नंतरची सगळी मेहनत घरातल्या बायकांची आणि पोरींची. कैरी नेमकी निवडावी लागते. कोय धरू लागलेली, पण आत पिवळेपणा यायच्या आधीची. फार कोवळी घेतली तर गर नाही, वाळून नुसता कागद होतो. फार निबर झाली, तर पिष्टाची साखर व्हायला लागते, आम्ल उतरतं, आणि मग तो आमचूर गोडसर, तांबूस आणि कमी भावाचा. सायट्रिक आणि मॅलिक ही आम्लं ज्या दिवसांत भरात असतात ते दिवस फार नसतात. त्यामुळे हंगामात घराला उसंत नसते.

आधी साल. ती पूर्ण निघायला हवी, कारण हिरवा पट्टा राहिला तर वाळल्यावर तोच काळा दिसतो. मग कोयीच्या दोन्ही अंगांनी गर उतरवायचा आणि त्याच्या फोडी. जाड फोड आत ओली राहते आणि बुरशी धरते, पातळ फोड चुरते. अशा शेकडो फोडी एकसारख्या जाडीच्या पाडणाऱ्या बाईच्या हाताकडे पाहावं. नजर पोराकडे, बोलणं शेजारणीशी, आणि बोटं आपली कैरी फिरवत असतात. चिकाने बोटांची कातडी सोलवटते, नखांच्या कडा काळ्या पडतात, आणि संध्याकाळी त्याच हातांनी मिरची वाटायची म्हणजे आग आग होते. कापलेली फोड ताबडतोब उन्हात जायला हवी. हवा लागली की ती काळवंडू लागते, लोखंडी पातं गंजकं असेल तर आणखीच. खडकावर, खळ्यावर, छपराच्या कौलांवर फोडी पसरतात. दिवसातून परतायच्या, रात्री दव पडण्याआधी गोळा करायच्या, सकाळी पुन्हा मांडायच्या. ऊन चांगलं असेल तर चार-पाच दिवसांत फोड वाजायला लागते.

आणि मग ढग येतात. आमचुराचा खरा वैरी वळवाचा पाऊस. वैशाखातल्या एखाद्या दुपारी वारा सुटतो, खडकावर आठवड्याची मेहनत पसरलेली असते, आणि घरातलं जे माणूस हाती लागेल ते टोपल्या घेऊन धावत सुटतं. अर्धवट वाळलेली फोड एकदा भिजली की तिचा रंग परत येत नाही. चव तीच राहते, आंबटपणा तोच, पण काट्यावर ठेवताना व्यापारी आधी रंग बघतो. पांढऱ्याला एक भाव, काळ्याला त्याच्या कितीतरी खाली. वळवाच्या एका सरीने घराचा वर्षाचा हिशेब बदलतो, कारण पावसाळ्याच्या तोंडावर हातात येणारा हाच पैसा बियाणाला, मिठामिरचीला, लग्नाच्या उरलेल्या देण्याला जातो. शेती सगळी पावसावरची आणि उताराची. ज्वारी, मका, भगर घरात खायला. रोकड देणारं मात्र हे झाड, ज्याला पाणी घालावं लागत नाही की खत.

या झाडांतली कित्येक आज नर्मदेच्या तळाशी आहेत.

महाराष्ट्राच्या उत्तर सीमेवरून नर्मदा सुमारे ५४ किलोमीटर वाहते, ती सगळी याच दोन तालुक्यांना लागून. नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणाच्या पाण्याखाली महाराष्ट्राची ३३ गावं येतात. त्यातलं मणिबेली सगळ्यांत आधी, १९९३ च्या आगेमागे, बुडायला लागलं. शूलपाणेश्वराचं जुनं देऊळही पाण्याखाली गेलं. पुढे धरणाची भिंत टप्प्याटप्प्याने चढत १३८.६८ मीटरवर पोचली, आणि २०१९ च्या पावसाळ्यात जलाशय पहिल्यांदा पूर्ण भरला. चिमलखेडी, डनेल, मुखडी, बामणी, डोमखेडी, निमगव्हाण. या गावांची खालची शेतं, नदीकाठची गाळाची जमीन आणि त्या जमिनीवरचे आंबे गेले. पाणी ओढ्यानाल्यांतून आत शिरलं, डोंगराच्या दोन सोंडांमध्ये भरलं, आणि जो पाडा काल दुसऱ्या पाड्याला चालत जोडलेला होता त्याच्या तीन बाजूंनी, कुठे चारी बाजूंनी, पाणी झालं. समुद्रापासून इतक्या आत, डोंगराच्या पोटात, बेटं तयार झाली. तिथे दवाखानाही आता होडीतून येतो, तरंगता दवाखाना म्हणतात त्याला.

हे अक्कलकुवा म्हणजे महाराष्ट्र विधानसभेचा १ क्रमांकाचा मतदारसंघ. राज्याची मोजणी जिथून सुरू होते तिथलीच माणसं बाजाराला होडीने जातात, हे मनातून जात नाही.

होडीने जाणं ऐकायला सोपं वाटतं. पण आमचुराचा हंगाम उन्हाळ्यात, आणि उन्हाळ्यात जलाशयाचं पाणी उतरतं. पावसाळ्यात घराच्या पायथ्याशी लागणारी होडी मेमध्ये कितीतरी खाली गेलेली असते, आणि मधल्या उतारावर वर्षांचा साचलेला गाळ उघडा पडतो. वरून सुकल्यासारखा दिसतो, पाय टाकला की गुडघ्यापर्यंत आत. गुरं त्यात रुतून मेली आहेत. त्या गाळातून डोक्यावर आमचुराचं पोतं घेऊन बाई होडीपर्यंत उतरते. पाय घसरला आणि पोतं ओलं झालं, तर पुन्हा तोच काळा रंग आणि तोच पडका भाव. पलीकडच्या काठाला गुजरातचं हाफेश्वर, तिथून पुढे कवांटचा बाजार. अलीकडे डोंगर चढून गेलं तर मोलगी किंवा धडगाव. आमचूर हलका आहे म्हणूनच या वाटेने निघू शकतो. पिकलेल्या आंब्याची पाटी इथून न्यायची म्हटलं तर निम्मी वाटेतच फुटेल.

ज्यांचं पुनर्वसन झालं त्यांतले बरेच खाली तळोदा तालुक्यात गेले. सोमावल, रोझवा, रेवानगर, नर्मदानगर अशा वसाहतींत. नर्मदा पाणीतंटा लवादाच्या १९७९ च्या निवाड्याने जमीन जाणाऱ्या कुटुंबाला किमान दोन हेक्टर जमीन देण्याचं बंधन घातलं होतं. ती मिळवायला माणसांना वर्षानुवर्षं भांडावं लागलं, पाण्यात उभं राहावं लागलं. जमीन मिळाली त्यांनी ती कसली, कापूस, सोयाबीन घेतलं. पण पणज्याच्या हातचं झाड कुठल्याही निवाड्याने हलवता येत नाही. कोयीचा आंबा फळाला यायला आठ-दहा वर्षं, आणि पोत्याने कैरी द्यायला त्याहून किती तरी जास्त. वरच्या गावात ज्या बाईचा उन्हाळा कैरीत जायचा, तिला खालच्या वसाहतीत त्याच महिन्यांत मजुरी शोधावी लागली. मला यातलं सगळ्यांत मोठं नुकसान हेच वाटतं: पंचनाम्यात झाडाची किंमत लिहिता येते, पण त्या झाडामुळे घरातल्या बाईच्या हातात जो स्वतःचा पैसा यायचा, तो कुठल्याच रकान्यात बसत नाही.

मोलगी किंवा धडगावच्या व्यापाऱ्याकडून आमचूर नंदुरबारला, तिथून परराज्यांतल्या मोठ्या पेठांत जातो. तिथे तो दळला जातो आणि त्याचं नाव-गाव पुसलं जातं. चाट मसाल्यात, छोल्यांत, भरल्या भेंडीत, पाकिटातल्या चटपटीत दाण्यांवर तोच असतो, पण पाकिटावर अक्राणी लिहिलेली नसते. कोकणातल्या त्याच्या चुलतभावाला, आंबोशीला, निदान आपल्या माणसांची ओळख आहे. मुंबईतला चाकरमानी गावाहून आंबोशी मागवून घेतो, माशाच्या कालवणात घालतो. सातपुड्यातून असं पार्सल मागवणारं शहरात कुणी नाही. घरी मात्र त्याचा मान आहे. उडदाच्या डाळीत दोन फोडी टाकल्या की भाकरीबरोबर दुसरं काही लागत नाही. पावसाळ्यात ओढे फुगून बाजार बंद होतात तेव्हा ताटातलं आंबट हेच.

आता डोंगरात रस्ते वाढत आहेत. जिथे गाडी पोचते तिथे व्यापारी कैरीच विकत घेतो, लोणच्यासाठी ट्रकने खाली नेतो. कापण्यावाळवण्याची मेहनत वाचते, पावसाची धास्ती उरत नाही, रोख पैसे त्याच दिवशी हातात. ज्यांना हे परवडतं त्यांनी ते करावं, त्यात वाईट काही नाही. मला काळजी वाटते ती झाडांची. जुनी झाडं म्हातारी होत आहेत, काही वादळात पडतात, काही लाकडासाठी तुटतात, आणि त्यांच्या जागी रोपवाटिकेतून येतं ते बहुधा केसरचं कलम. केसर खायला उत्तम. पण आमचुराला लागते ती चरचरीत आंबट, घट्ट गराची गावठी कैरी, आणि ती कुठल्या रोपवाटिकेत विकत मिळत नाही. ती ज्या झाडाची आहे त्याच झाडाखाली पडलेल्या कोयी वेचून, पावसाच्या पहिल्या आठवड्यात बांधावर रोवाव्या लागतात. त्यांतही प्रत्येक कोय आईसारखी निघेल असं नाही. म्हणून एक नव्हे, दहा रोवायच्या. आठ-दहा वर्षांनी पहिल्या कैऱ्या धरतील तेव्हा चाखून बघायच्या, आणि दात शिवशिवले ते झाड ठेवायचं.