दमयंतीपुढचे पाच नल

डेटाबेस सांभाळणारी माणसं एकमेकांशी जे बोलतात, ते बाहेरच्याला निम्मं चेष्टेचं आणि निम्मं सांकेतिक वाटतं. ‘कमिट मारलंस का?’, ‘क्वेरी लटकलीय’, ‘कुणीतरी टेबलाला लॉक लावून जेवायला गेलंय.’ पुण्यात बसून अमेरिकेतल्या ग्राहकाचा डेटाबेस राखणाऱ्यांच्या रात्रपाळीत अशी वाक्यं चॅटवर सतत इकडून तिकडे जात असतात, आणि व्यवस्थापकांची समजूत अशी, की काम थांबलं की पोरं टवाळी करतात. मी याच धंद्यातली. इतकी वर्षं ही टवाळी ऐकून आणि स्वतः करून माझं मत असं झालं आहे, की आमच्या धंद्यातलं बरंचसं महत्त्वाचं ज्ञान याच टवाळीत साठवलेलं असतं. यंत्र कसं चालतं हे मॅन्युअल सांगतं. ते कसं पडतं, आणि मुख्य म्हणजे सगळं ठीक चाललंय असं भासवत कसं पडतं, हे आम्ही एकमेकांना विनोदात सांगतो. जेवायला गेलेल्या माणसाचंच पाहा. एखाद्याने ओळ बदलली आणि व्यवहार पक्का न करता तो उठून गेला, तर त्या ओळीवरचा लॉक तसाच राहतो. तीच ओळ बदलू पाहणारे बाकीचे रांगेत उभे राहतात. आणि अनेक डेटाबेसांत त्यांना चुकीचा संदेशसुद्धा येत नाही, ते नुसते थांबतात. हे तीन वेगवेगळे नियम त्या एका वाक्यात आहेत, आणि नवख्याला ते तिन्ही एकदम लक्षात राहतात.

याचा सगळ्यांत जुना आणि सगळ्यांत खोल नमुना म्हणजे नल. रकान्यात किंमत नाही, किंवा आहे पण आपल्याला ठाऊक नाही, हे दाखवणारी ही खूण. एडगर कॉड यांनी 1970 मध्ये आयबीएमच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेतून रिलेशनल मॉडेल मांडलं, आणि पुढे हा नल त्या विचाराचा अविभाज्य भाग झाला. नलची गोम अशी, की नल बरोबर नल का, असं विचारलं तर उत्तर ‘हो’ येत नाही आणि ‘नाही’ही येत नाही, ‘माहीत नाही’ असं तिसरंच उत्तर येतं. इंग्रजीत यावर शेकड्यांनी विनोद आहेत. पण मराठी माणसाच्या हाती इथे आयतं घबाड आहे, कारण उच्चारच नल. महाभारतातल्या वनपर्वात दमयंतीच्या स्वयंवरात इंद्र, अग्नी, वरुण आणि यम असे चौघे देव नलाचं रूप घेऊन बसतात आणि तिच्यापुढे हुबेहूब पाच नल येतात. हा नल तो नल का, या प्रश्नाला तिच्याकडे उत्तर नाही. तुलना करून ती सुटत नाही. ती सुटते वेगळी कसोटी लावून: कुणाला घाम आलाय, कुणाची पापणी लवते, कुणाची सावली पडते. डेटाबेसला प्रश्न विचारण्याच्या एसक्यूएल या भाषेतही नलसाठी ‘बरोबर’ची खूण चालत नाही, ‘इज नल’ असा स्वतंत्र प्रश्नच विचारावा लागतो. शिकवताना तिहेरी तर्काचं कोष्टक फळ्यावर काढण्यापेक्षा मला दमयंती जास्त उपयोगी वाटते, आणि ती विनोद म्हणूनच येते.

नल न समजल्याची किंमत किती, हे ओरॅकल या डेटाबेसवर शिकलेल्या प्रत्येकाला एकाच टेबलातून कळतं. कर्मचाऱ्यांचं ते चौदा ओळींचं नमुना-टेबल, आणि त्याचा मालक स्कॉट, पासवर्ड टायगर. ब्रूस स्कॉट हे ओरॅकलचे सुरुवातीचे कर्मचारी, आणि टायगर ही त्यांच्या मुलीची मांजर. (त्या मांजरीचं नाव जगभरातल्या किती खऱ्या सर्व्हरांवर किती वर्षं न बदलता उघडं पडून होतं, हा सुरक्षावाल्यांचा वेगळा विनोद आहे.) या टेबलात प्रत्येकाच्या ओळीत त्याच्या साहेबाचा क्रमांक आहे. ज्यांच्या हाताखाली कुणीच नाही अशी माणसं शोधायची, तर साधी युक्ती म्हणजे ज्यांचा क्रमांक साहेबांच्या यादीत नाही ते निवडायचे. चौदांपैकी सहा जण साहेब आहेत, म्हणजे उत्तर आठ यायला हवं. येतं शून्य. कारण सगळ्यांत वरच्या किंगला साहेबच नाही, त्याच्या रकान्यात नल आहे, आणि यादीत एक नल शिरला की ‘यादीत नाही’ हे डेटाबेस कुणाहीबद्दल छातीठोकपणे सांगू शकत नाही. क्वेरी चुकत नाही, लाल अक्षरं येत नाहीत, नुसतं रिकामं उत्तर येतं, आणि रिकामं उत्तर खरं मानून अहवाल पुढे जातो. ‘राजाला साहेब नाही म्हणून प्रजेतला प्रत्येक जण साहेब’ असं कुणी म्हटलं की ऐकणारा आधी हसतो आणि मग आपल्या जुन्या क्वेऱ्या उघडून बघायला लागतो.

यावर कुणी म्हणेल, हे लक्षात ठेवण्याचे चुटके झाले; चुटक्याने काही सिद्ध होतं का? माझ्या मते होतं, आणि त्याचा पुरावा कॅश हिट रेशोच्या भांडणात आहे. डेटाबेसला लागणारा ब्लॉक डिस्कवर न जाता मेमरीत सापडला तर ते चांगलं, म्हणून शंभरातले किती ब्लॉक मेमरीत सापडले याचं प्रमाण काढायचं आणि ते नव्वदीच्या वर ठेवायचं, ही जुनी शिकवण. वर्षानुवर्षं माणसं या आकड्याची पूजा करत होती. तो खाली आला की मेमरी वाढवा, वर गेला की पेढे वाटा. कॅरी मिलसॅप यांनी नव्याण्णव टक्केही चांगलं लक्षण नसू शकतं असं सविस्तर मांडलं: मेमरीतून वाचणंही फुकट नसतं, त्याला सीपीयू लागतो, आणि वाईट लिहिलेली क्वेरी तेच ते ब्लॉक लाखो वेळा वाचत राहिली की प्रमाण झकास दिसतं. हा युक्तिवाद बिनतोड होता, तरी पूजा चालू राहिली. मग कॉनर मॅक्डोनाल्ड यांनी एक छोटा प्रोग्रॅम लिहून खुला केला. त्याला सांगायचं, मला अमुक इतकं प्रमाण हवंय. तो निरुद्योगी वाचनं करत राहतो आणि सांगितलेला आकडा गाठून देतो. डेटाबेस काडीचाही वेगवान होत नाही. उलट थोडा थकतो. हा उघड उघड विनोद आहे, आणि तोच गणिती अर्थाने प्रतिउदाहरणही आहे. जो आकडा मागणीप्रमाणे वाढवून मिळतो, तो तब्येतीचा आकडा असू शकत नाही. निबंध वाचून ज्यांची खात्री पटली नाही, त्यांची हा प्रोग्रॅम स्वतःच्या यंत्रावर चालवून पटली, कारण त्यात मत मांडलेलंच नव्हतं.

त्याच सुमाराला गजा कृष्ण वैद्यनाथ यांनी एका आजाराचं नाव रूढ केलं: कम्पल्सिव्ह ट्यूनिंग डिसऑर्डर. वापरणाऱ्याची तक्रार नाही, काम वेळेत होतंय, तरी डीबीएचा, म्हणजे डेटाबेस सांभाळणाऱ्याचा, हात शिवशिवतो आणि तो कुठला तरी पॅरामीटर पिळत बसतो. नाव थट्टेचं असलं तरी त्यातली सूचना कामाची आहे. सुधारणा कुठे थांबवायची हे आधी ठरवा, आणि ते वापरणाऱ्याच्या वेळेवरून ठरवा. जेम्स मॉर्ल आणि मोगन्स नॉरगार्ड यांनी रेड-फाइव्ह या डिस्क जोडण्याच्या पद्धतीविरुद्ध काढलेल्या ‘बार्फ’ या आघाडीचं नाव तर इंग्रजीत ओकारीचा आवाज आहे. त्यामागचं गणित मात्र कोरडं आहे. त्या पद्धतीत एक छोटं लिखाण करायला दोनदा वाचावं आणि दोनदा लिहावं लागतं, म्हणजे एकाचे चार. हे गणित आधीही छापलेलं होतंच. ओकारीमुळे ते खरेदी विभागापर्यंत पोचलं.

बॅकअपबद्दलचा विनोद सगळ्यांना माहीत आहे: श्रोडिंगरच्या पेटीतल्या मांजराप्रमाणे बॅकअपही रिस्टोअर करून पाहीपर्यंत जिवंतही असतो आणि मेलेलाही. (या धंद्यात मांजरं जरा जास्तच.) हा विनोद किती काटेकोर आहे, हे 31 जानेवारी 2017 च्या रात्री गिटलॅब या कंपनीत जगाने पाहिलं. दुय्यम सर्व्हरवरची डेटाची डिरेक्टरी पुसायची होती. एका अभियंत्याने ती मुख्य सर्व्हरवर पुसली. एकदोन सेकंदांत थांबवलं, तोवर सुमारे 300 जीबीतले साडेचार जीबी उरले होते. मग बॅकअप शोधायला गेले. रोजचा डंप घेणारं साधन जुन्या 9.2 आवृत्तीचं आणि डेटाबेस 9.6 चा, म्हणून डंप कित्येक दिवस होतच नव्हता. तो होत नाहीये हे सांगणारे ईमेल निघत होते, पण सही नसल्यामुळे समोरचा मेलसर्व्हर ते परत लावत होता. डिस्कचे स्नॅपशॉट डेटाबेसच्या यंत्रांसाठी चालूच केलेले नव्हते. वाचवलं ते सहा तासांपूर्वी चाचणीच्या कामासाठी हाताने घेतलेल्या एका स्नॅपशॉटने. सहा तासांचा डेटा कायमचा गेला. कंपनीने हे सगळं उघड लिहिलं, दुरुस्ती थेट प्रक्षेपित केली, आणि त्याबद्दल तिचं कौतुकच व्हायला हवं. माझा मुद्दा एवढाच, की पेटीतल्या मांजराचा विनोद तेव्हाही जुना होता आणि त्यात नेमका हाच दोष सांगितलेला होता: बॅकअप घेतला गेल्याची खूण म्हणजे बॅकअप नव्हे.

आता आक्षेपांकडे. सगळ्यांत वजनदार आक्षेप हा, की विनोद शिळा होतो आणि शिळा झाल्यावरही पोटात जातच राहतो. 2010 मध्ये मोंगोडीबी या डेटाबेसच्या भक्तांची टर उडवणारी एक ॲनिमेशनची चित्रफीत गाजली. तिचा मथितार्थ असा, की लिहिलेलं टिकण्याची हमी नको असेल तर सरळ युनिक्सच्या कचराकुंडीतच लिहा, ती याहून वेगवान आहे. त्या वेळी हा टोला योग्य जागी बसत होता, कारण मूळ सेटिंगमध्ये डेटा पोचल्याची पावती न घेताच प्रोग्रॅम पुढे जात असे. 2012 च्या अखेरीस नव्या ड्रायव्हरांनी पावती घेणं हीच रीत केली, आणि 2018 मध्ये 4.0 आवृत्तीत अनेक दस्तऐवजांवरचे व्यवहारही आले. तरी आजही कुणी मोंगोचं नाव काढलं की कचराकुंडी निघतेच, आणि काढणाऱ्याने ते उत्पादन कधी हाताळलेलं नसतं. हा आक्षेप मला मान्य आहे. पण हा दोष विनोदाचा एकट्याचा नाही. हिट रेशोची शिळी शिकवण तर पाठ्यपुस्तकांतून आली होती, आणि ती काढायला विनोद लागला. फरक असेल तर एवढाच, की पुस्तकावर आवृत्ती छापलेली असते, विनोदावर नसते. म्हणून चेष्टेतही ‘कुठल्या व्हर्जनची गोष्ट?’ असं विचारणारा माणूस मला गटात हवा असतो, जरी तो मजा घालवत असला तरी.

दुसरा आक्षेप असा, की या विनोदांची भिंत होते. आतले हसतात आणि नवा माणूस बाहेर उभा राहतो. हे होतं, नाकारण्यात अर्थ नाही. वापरणाऱ्याला मूर्ख ठरवणारे विनोद आमच्याकडे ढिगाने आहेत आणि त्यांतून शिकण्यासारखं काहीच नाही; ‘अनुक्रमणिका बघ की’ छापाची उत्तरं तर निव्वळ उर्मटपणा. मी दोन जाती वेगळ्या काढते: जो विनोद माणसावर आहे तो, आणि जो यंत्राच्या वागण्यावर आहे तो. एक्सकेसीडी या चित्रमालिकेतला 2007 चा बॉबी टेबल्स घ्या. आईने मुलाचं नावच असं ठेवलंय, की ते शाळेच्या डेटाबेसमध्ये भरल्यावर विद्यार्थ्यांचं टेबल उडतं. इंजेक्शनचा हा धोका 1998 मध्येच तांत्रिक लेखनात मांडला गेला होता, पण डेटाबेस न शिकलेल्यालाही तो कळला या चार चौकटींमुळे. वापरणाऱ्याने भरलेला मजकूर आज्ञा म्हणून चालवू नये, हे त्या आईने जितक्या जणांना शिकवलं तितकं कुठल्या सुरक्षा धोरणाच्या पुस्तिकेने शिकवलं असेल असं मला वाटत नाही. इथे हसू नवख्याला आत घेतं. आणि आमच्या मराठी गटात तर भिंत आणखी खाली येते. ओरॅकल ‘टेबल अस्तित्वात नाही’ म्हणतं, तेव्हा पुष्कळदा टेबल असतं, फक्त तुम्हाला परवानगी नसते. सरकारी कचेरीत ज्याने एकदा तरी खेटे घातलेत, त्याला टेबल असूनही नसणं म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही.

तिसरा आक्षेप व्यवस्थापकांचा: हसण्यावारी नेलं की निष्काळजीपणा मुरतो. उलट मला भीती वाटते ती ज्या गटात कुणीच हसत नाही त्याची. माणूस आपल्या हातून झालेली चूक गंभीर चेहऱ्याने सहसा कबूल करत नाही. ‘आज व्हेअरची अट लिहायची राहिली, सगळ्यांना एकच पगार करून टाकला, समाजवाद आला’ असं मात्र सांगून टाकतो, आणि ते लवकर सांगितलं तर अजून परत फिरवता येतं. ओरॅकलमध्ये फ्लॅशबॅकने जुनी स्थिती मागता येते, पण अनडूमधली माहिती पुसली जाण्याआधीच. उशीर झाला तर ‘स्नॅपशॉट फार जुना’ एवढंच उत्तर मिळतं. चूक झाल्यापासून ती कुणीतरी बोलून दाखवेपर्यंतची मिनिटं इथे मोजली जातात. जिथे बोलल्याबरोबर मेमो हातात येतो, तिथे ती मिनिटं वाढत जातात.

राहता राहिलं आमचं सुप्रसिद्ध उत्तर, ‘डिपेंड्स’. इंडेक्स टाकू का? डिपेंड्स. मेमरी वाढवू का? डिपेंड्स. ग्राहक यावर चिडतात, आम्ही हसतो. इंडेक्सने वाचन पळतं पण प्रत्येक नव्या ओळीबरोबर त्यालाही सांभाळावं लागतं. टेबलातल्या बहुतेक ओळी हव्या असतील तर इंडेक्स सोडून सबंध टेबल वाचणंच स्वस्त पडतं. तेव्हा उत्तर खरोखर तेच आहे. ते देऊन गप्प बसणारा आळशी असतो, आणि ‘कशावर?’ असं लगेच विचारणाऱ्या पोराला मी शेजारची खुर्ची देते.