शून्याची एक ओळ

२६ सप्टेंबर २०२४ रोजी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील ‘अर्का’ आणि नोएडाच्या राष्ट्रीय मध्यम पल्ला हवामान अंदाज केंद्रातील ‘अरुणिका’ या महासंगणक प्रणालींचे लोकार्पण झाले. पुणे, दिल्ली आणि कोलकाता येथील तीन ‘परम रुद्र’ महासंगणकही त्याच दिवशी देशाला मिळाले. बातम्यांत यंत्रांच्या वेगाचे आकडे होते, आणि ते असायलाच हवेत. परंतु अशा यंत्रांवर चालणाऱ्या आज्ञावल्या कोणी लिहिल्या, कोणी तपासल्या, दुसऱ्या प्रयोगशाळेत त्या तेच उत्तर देतात का, हे प्रश्न बातमीत सहसा येत नाहीत. पीएच.डी.च्या चौथ्या वर्षापर्यंत ते माझ्याही मनात आले नव्हते. ते आणले एका वरकरणी कारकुनी वाटणाऱ्या कामाने. आमच्या गटाची पर्जन्यमापनाची आज्ञावली मला एका मुक्तस्रोत पॅकेज मॅनेजरमध्ये दाखल करायची होती.

पॅकेज मॅनेजर म्हणजे आज्ञावल्यांचे सामायिक कोठार आणि त्याचा कोठीदार. आपण नाव सांगायचे. तो ती आज्ञावली आणि तिला लागणाऱ्या इतर सर्व आज्ञावल्या योग्य आवृत्त्यांसह आपल्या संगणकावर बसवून देतो. ‘कॉन्डा-फोर्ज’ हे २०१५ पासून स्वयंसेवकांनी चालवलेले असेच एक कोठार आहे. तेथे नवे पॅकेज द्यायचे तर ‘रेसिपी’ नावाची एक छोटी फाइल लिहावी लागते. तिच्यात आज्ञावलीचे नाव, आवृत्ती, मूळ स्रोताचा पत्ता, त्या स्रोताची ६४ चिन्हांची ओळखखूण, लागणारे कंपायलर व ग्रंथालये, चाचणी, परवाना आणि देखभाल करणाऱ्याचे नाव द्यायचे असते. फाइल पानभराचीच असते. मी ती एका दुपारी लिहिली आणि संध्याकाळपर्यंत काम संपेल असे समजलो.

पहिली अडचण परवान्याची आली. आमच्या आज्ञावलीला परवानाच नव्हता. ‘सर्वांसाठी खुली आहे’ असे आम्ही तोंडाने म्हणत होतो; पण लेखी परवाना नसेल तर ती वाटण्याचा अधिकार कायद्याने कोणालाच मिळत नाही. मूळ फोरट्रान आज्ञावली नव्वदच्या दशकात आमच्या विभागातील एका मॅडमनी लिहिली होती. त्या केव्हाच निवृत्त झाल्या होत्या. मी भीतभीत दूरध्वनी केला. त्यांनी आनंदाने होकार दिला आणि म्हणाल्या, “काही चूक सापडली तर मला सांगायला संकोच करू नकोस हं.” संस्थेची लेखी संमती मिळायला मात्र चार महिने लागले.

दुसरी अडचण चाचणीची. कॉन्डा-फोर्जमध्ये प्रत्येक पॅकेजला निदान एक चाचणी लागते. मी सर्वांत सोपी चाचणी लिहिली होती: आज्ञावली सुरू होते की नाही, एवढीच. तपासणी करणाऱ्या स्वयंसेवकाने नम्रपणे विचारले, जिचे उत्तर आधीच ठाऊक आहे अशी एखादी लहानशी आकडेमोड चाचणीत घालता येईल का? मला तो सल्ला जाचक वाटला. ज्या आज्ञावलीवर माझा पहिला शोधनिबंध प्रसिद्ध झाला होता, तिची आणखी परीक्षा कशाला? तरीही मी वहीत तीन काल्पनिक पर्जन्यमापन केंद्रे आणि दोन वर्षे यांची नोंद आखली, उत्तर हाताने काढले आणि ते चाचणीत घातले.

चाचणी अनुत्तीर्ण झाली. लिनक्सवर एक उत्तर आले, मॅकवर दुसरे. आणि दोन्ही माझ्या वहीतल्या उत्तराहून वेगळी होती.

मी प्रथम कंपायलरला दोष दिला. मग तीच चाचणी प्रयोगशाळेतील आमच्या नेहमीच्या यंत्रावर चालवली. तेथे पहिल्या वर्षाचे उत्तर बरोबर आले, दुसऱ्या वर्षाचे चुकले. ते पाहिले आणि हातपाय गार पडले. आमच्या नेहमीच्या यंत्रावरही चूक होती, आणि माझ्या निबंधात दोन नव्हे, चाळीस वर्षे होती.

कारण शोधायला दोन दिवस लागले. एखाद्या केंद्राच्या वर्षातील दहा टक्क्यांहून अधिक दिवसांच्या नोंदी नसतील, तर ते केंद्र त्या वर्षापुरते वगळायचे, असा नियम होता. हे नसलेले दिवस मोजणाऱ्या चलाला आरंभी शून्य दिलेलेच नव्हते. आमच्या जुन्या मेकफाइलमध्ये कंपायलरला दोन सूचना होत्या: स्थानिक चलांची जागा कायम राखावी आणि सुरुवातीला तीत शून्य भरावे. त्यामुळे पहिल्या वर्षी मोजणी बिनचूक होई. दुसऱ्या वर्षी मात्र मागच्या वर्षाचे नसलेले दिवस तसेच पुढे येत, तिसऱ्या वर्षी आणखी साचत. कॉन्डा-फोर्ज स्वतःचा कंपायलर वापरते, तेथे आमच्या सूचना लागू नव्हत्या. म्हणून त्या चलात मेमरीतला जो कचरा असेल तोच आरंभीचा आकडा ठरे.

निबंधात मी लिहिले होते की अलीकडच्या वर्षांत वापरण्याजोगी केंद्रे कमी होत गेली आहेत. केंद्रे बंद पडत असावीत, असा तर्कही मी केला होता. केंद्रे ठीकठाक होती. माझीच आज्ञावली त्यांना दरवर्षी थोडी थोडी बाहेर काढत होती.

दुरुस्ती एका ओळीची होती: चल बरोबर शून्य. ती घालून चाळीस वर्षे पुन्हा चालवली. वगळलेली केंद्रे परत आली. निबंधातील बहुतेक निष्कर्ष टिकले. पण एका प्रदेशात अतिवृष्टीचे दिवस वाढत असल्याचा जो कल मी ठळकपणे मांडला होता, तो आता योगायोगापासून वेगळा काढता येत नव्हता. सारांशातील एक वाक्य त्यावरच उभे होते.

सरांकडे दोन आलेख घेऊन गेलो. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “आधी नियतकालिकाला पत्र लिहू. पॅकेजचं नंतर बघ.” एवढेच. दुरुस्तीपत्रक आम्ही त्याच आठवड्यात पाठवले.

त्या दिवसांत मला जेफ्री चँग या अमेरिकी शास्त्रज्ञांचे प्रकरण पुन्हा पुन्हा आठवत असे. प्रथिनांच्या रचनेवरील त्यांचे तीन निबंध २००६ मध्ये ‘सायन्स’मधून मागे घेतले गेले. प्रयोगशाळेतल्या घरगुती आज्ञावलीत आकड्यांचे दोन स्तंभ उलटे झाले होते आणि त्यामुळे चिन्हे बदलली होती. ती आज्ञावली प्रचलित, सर्वांच्या वापरातील पॅकेजचा भाग नव्हती. घरातली भांडी घरातच वापरली, तर त्यांची गळती पाहुण्याला दिसत नाही आणि घरच्यांना ती सवयीची होते.

मॅडमना सांगणे सर्वांत अवघड वाटत होते. त्यांनी शांतपणे ऐकले आणि विचारले, “वर्षांची आवर्तने कोणी घातली? मी तर ती एका वेळी एकाच वर्षासाठी लिहिली होती.” ती मीच घातली होती, पहिल्या वर्षी, वेळ वाचावा म्हणून. क्षणभर थांबून त्या म्हणाल्या, “शून्य मात्र मी लिहायला हवं होतं. तेव्हाची यंत्रं आपणहून भरायची, म्हणून आम्ही लिहीत नसू. आता दोघांची नावं घाल दुरुस्तीत.” मी घातली.

पॅकेज पुढे स्वीकारले गेले. त्यासाठी स्वतंत्र कोठडी आपोआप तयार झाली, आणि नवी आवृत्ती निघाली की एक यंत्रमानव स्वतःहून बदल सुचवू लागला. काही महिन्यांनी एका अपरिचित विद्यार्थ्याचा संदेश आला: एका केंद्राच्या नोंदीत २९ फेब्रुवारी गळतो आहे. त्याचे म्हणणे खरे होते. या वेळी मला राग आला नाही.

विद्यार्थिमित्रांनो, आपल्या प्रबंधामागे अशी एखादी आज्ञावली असेल, वरिष्ठांकडून आलेली, ‘चालते ना, मग हात लावू नकोस’ असे सांगून दिलेली, तर ती प्रबंध सादर करण्याआधी कोठारात देण्याचा प्रयत्न करा. स्वीकारली गेली नाही तरी चालेल. परवाना लिहा, अनोळखी यंत्रावर ती बांधून पाहा, आणि हाताने काढलेले एक तरी उत्तर तिच्यासमोर ठेवा. महासंगणक चुकीची आकडेमोडही तितक्याच वेगाने करतो. माझी चूक तीन केंद्रांच्या आणि दोन वर्षांच्या वहीतल्या गणिताने पकडली. ते गणित मला चार वर्षे आधीही करता आले असते.