सारवणापासून विनाइलपर्यंत

वाशिम जिल्ह्यात साठी ओलांडलेल्या माणसाच्या पायांनी एकाच आयुष्यात शेणाने सारवलेली भुई, शहाबादी फरशी, सिमेंटचा कोबा आणि आता बाजारात गुंडाळीतून कापून मिळणारे, ‘कार्पेट’ म्हणून ओळखले जाणारे विनाइल अशा अनेक जमिनी अनुभवलेल्या असतात. ज्या भुईवर तो रांगला तिची ओल पावसाळ्यात वर येई आणि उघडीप पडली की उडून जाई. मात्र ती भुई राखण्याचा भार घरातल्या बायकांच्या कमरेवर आणि हातांवर होता, त्यामुळे एका फडक्याने पुसता येणाऱ्या जमिनीची त्यांची ओढ सर्वस्वी न्याय्य मानली पाहिजे.

विनाइलचा पूर्वज म्हणजे लिनोलियम. फ्रेडरिक वॉल्टन या इंग्रजाने १८६० च्या दशकात ते सिद्ध केले, ते जवसाचे तेल हवेतला प्राणवायू शोषून चिवट होते या गुणाच्या आधारे. त्या घट्ट तेलात राळ, बुचाचा व लाकडाचा भुगा मळून तो लगदा तागाच्या कापडावर दाबला जाई. ज्या जवसाची चटणी वऱ्हाडात भाकरीसोबत खाल्ली जाते, तेच हे जवस. विनाइल मात्र पॉलिव्हिनाइल क्लोराइड या प्लास्टिकचे असते, आणि त्यातून वाफ जवळजवळ आरपार जात नाही.

वऱ्हाडातली अडचण इथेच सुरू होते. इथली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. वर कोबा तडकतो आणि केशाकर्षणाने, म्हणजे सूक्ष्म छिद्रांतून पाणी आपोआप वर चढण्याच्या क्रियेने, ओल विनाइलखाली येऊन अडकते, गोंद सुटतो, कडा उचलतात, बुरशीचे काळे डाग पडतात. म्हणून अंथरण्यापूर्वी प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून कोब्यावर दिवसभर ठेवावा. खाली दव धरले तर जमीन अजून तयार नाही.

जुने विनाइल काढताना पात्याने अरुंद पट्ट्या पाडून त्या कडेकडून सोलाव्यात, आणि उरलेला गोंद कोमट पाण्याने मऊ करून खरवडावा. विसाव्या शतकातल्या काही जुन्या शीटच्या पाठीत व गोंदात फुप्फुसांना घातक असे अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू असत, त्यामुळे वय ठाऊक नसलेले आच्छादन घरच्या घरी खरवडू वा घासू नये. ते जाणकारावर सोपवावे.

तळमजल्यावर, विशेषतः जुन्या मातीच्या घरात, विनाइल चिकटवूच नये. ते मोकळे अंथरावे, आणि पावसाळ्यात अधूनमधून गुंडाळून खालची जमीन वाळू द्यावी.