मुदतवाढीची फाइल आणि जयपूरचा संघ

२८ एप्रिल २०२५ च्या रात्री मी जयपूरमधील माझ्या सरकारी निवासस्थानी ई-ऑफिसवरच्या उरलेल्या फाइली हातावेगळ्या करीत बसलो होतो. सवाई मानसिंह स्टेडियम तिथून फार लांब नाही. सामन्याच्या रात्री तिथला गलका ऐकू येतोच, पण त्या रात्री दहाच्या सुमारास जो जल्लोष उठला तो नेहमीचा नव्हता. शेवटी लॅपटॉप बाजूला सारून टीव्ही लावला. राजस्थान रॉयल्सचा वैभव सूर्यवंशी हा चौदा वर्षांचा मुलगा गुजरातच्या गोलंदाजांना फोडून काढत होता. त्याने ३५ चेंडूंत शतक पूर्ण केले. लिलावात त्याच्यासाठी मोजलेली रक्कम होती १ कोटी १० लाख रुपये.

लॅपटॉपवर उघडी राहिलेली फाइल मात्र बासष्ट वर्षांच्या गृहस्थांची होती. आमच्याच कार्यालयातून दोन वर्षांपूर्वी सेवानिवृत्त झालेले हे लेखा अधिकारी तेव्हापासून सल्लागार म्हणून कंत्राटावर काम करीत होते. त्यांना तिसऱ्या वर्षासाठी मुदतवाढ द्यावी, असा प्रस्ताव होता. सेक्शनच्या टिपणीत एकच कारण दिले होते : "त्यांचा अनुभव अमूल्य आहे." अर्थशास्त्राचा विद्यार्थी असल्यामुळे "अमूल्य" हा शब्द दिसला की मी थबकतो. ज्याचे मूल्य ठरवता येत नाही, त्याच्यासाठी नेमके किती द्यायचे?

हा प्रश्न जयपूरच्या क्रिकेट संघाने गेल्या अठरा वर्षांत अनेकदा सोडवला आहे, कधी बरोबर, कधी चूक. २००८ साली आयपीएल सुरू झाली तेव्हा आठ संघांपैकी सर्वांत स्वस्तात विकला गेलेला संघ जयपूरचा होता, ६ कोटी ७० लाख डॉलरचा. मुंबईच्या संघाला ११ कोटी १९ लाख डॉलर पडले होते. त्या वर्षीच्या खेळाडूंच्या लिलावात चेन्नईने महेंद्रसिंह धोनीसाठी १५ लाख डॉलर दिले आणि हैदराबादच्या डेक्कन चार्जर्सने अँड्र्यू सायमंड्ससाठी साडेतेरा लाख. जयपूरने शेन वॉर्नला साडेचार लाख डॉलरला घेतले. ही त्याची मूळ किंमत होती; वर कोणी बोलीच लावली नाही. वॉर्न तेव्हा अडतीस वर्षांचा होता आणि आंतरराष्ट्रीय क्रिकेट सोडून त्याला वर्ष उलटले होते. बाकीच्या सात संघांच्या लेखी तो संपलेला खेळाडू होता.

पुढे काय झाले ते आपणा सर्वांना माहीत आहे. हैदराबादच्या सामन्यात सायमंड्सने नाबाद शतक ठोकले, आणि शेवटच्या षटकात त्याच सायमंड्सला षटकार खेचून वॉर्नने सामना जिंकला. १ जून २००८ रोजी नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर शेवटच्या चेंडूवर राजस्थान विजेता ठरला, तेव्हाही दुसऱ्या टोकाला वॉर्न उभा होता. डेक्कन चार्जर्स तळाला राहिले.

ही कथा सांगून "अनुभव तो अनुभवच" असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. आमच्या सेक्शनने तोच काढला असता. पण मुंबईने त्याच लिलावात सनत जयसूर्याला पावणेदहा लाख डॉलर दिले होते. तोही अडतीस वर्षांचाच. पहिल्या वर्षी त्याने चेन्नईविरुद्ध ४८ चेंडूंत नाबाद ११४ धावा केल्या आणि हंगामात पाचशेचा टप्पा ओलांडला. पैसे वसूल झाले असे कोणीही म्हणाले असते. परंतु करार तीन वर्षांचे होते. दुसऱ्या वर्षी त्याचा खेळ उतरला आणि तिसऱ्या वर्षी तो बहुतेक बाकावरच होता. वयाचा उतार हा आपल्याकडच्या घाटासारखा असतो. बराच वेळ रस्ता सपाट वाटतो आणि एका वळणानंतर एकदम खाली जातो. ते वळण कुठे आहे हे आधी कळत नाही.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या वाचकांना हा हिशेब बेसबॉलमुळे परिचित असेल. तिथे १९७५ च्या अखेरीस एका लवादाच्या निर्णयाने खेळाडूला करार संपल्यावर कोणत्याही संघाकडे जाण्याची मोकळीक मिळाली आणि मोठ्या रकमांचे दीर्घ करार सुरू झाले. २०११ च्या डिसेंबरात लॉस एंजेलिसच्या एंजल्स संघाने आल्बर्ट पुहोल्सला दहा वर्षांसाठी २४ कोटी डॉलर कबूल केले. तो तेव्हा एकतीस वर्षांचा होता, म्हणजे करार त्याच्या बेचाळिशीकडे जाणारा होता. मागील अकरा वर्षांतली त्याची कामगिरी अफाट होती, पण ती दुसऱ्या संघासाठी झालेली होती आणि तिचे फळ त्या संघाने आधीच खाल्ले होते. दहावे वर्ष पुरे होण्याआधी, मे २०२१ मध्ये, एंजल्सने त्याला मोकळे केले. गंमत पुढेच आहे. २०२२ मध्ये त्याच्या जुन्या सेंट लुईसच्या संघाने त्याला एका वर्षासाठी २५ लाख डॉलरला घेतले आणि बेचाळीस वर्षांच्या त्या माणसाने २४ होमरन मारून कारकिर्दीतला सातशेचा टप्पा ओलांडला. माणूस तोच होता, वय उलट वाढलेले होते. बदलली होती ती किंमत आणि मुदत.

लिलावाबाबत अर्थशास्त्रात "विजेत्याचा शाप" अशी एक संकल्पना आहे. ती मुळात तेलक्षेत्रांच्या लिलावांवरून आली. १९७१ साली तीन पेट्रोलियम अभियंत्यांनी ती मांडली. जमिनीखाली तेल किती हे कोणालाच नक्की ठाऊक नसते, प्रत्येक जण अंदाज करतो आणि लिलाव जिंकतो तो ज्याचा अंदाज सर्वांत फुगलेला असतो तो. जुन्याजाणत्या खेळाडूच्या बाबतीत याला आणखी एक काटा आहे. ज्या संघाने त्याला जवळून पाहिले, त्याचे गुडघे, त्याची झोप, त्याचा उत्साह ज्यांना माहीत, त्यांनीच त्याला सोडलेले असते. जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराबद्दल जे लिहिले ते इथेही लागू पडते : विकणाऱ्याला गाडीबद्दल जे ठाऊक असते ते घेणाऱ्याला नसते.

जयपूरने हा धडा स्वतःच्या खर्चाने घेतला. दक्षिण आफ्रिकेच्या ख्रिस मॉरिसला बंगळूरने १० कोटींना घेतले होते आणि एका हंगामानंतर सोडून दिले. फेब्रुवारी २०२१ च्या लिलावात राजस्थानने त्याच्यासाठी १६ कोटी २५ लाख मोजले. तोवरच्या आयपीएल लिलावातील ती सर्वोच्च बोली होती. मॉरिस तेहतीस वर्षांचा होता. तो वाईट खेळला असे नाही. एक सामना तर त्याने एकहाती जिंकून दिला. पण संघ सातव्या क्रमांकावर राहिला, हंगामानंतर त्याला सोडण्यात आले आणि जानेवारी २०२२ मध्ये त्याने निवृत्तीच जाहीर केली.

मग वॉर्नचे काय वेगळे होते? किंमत कमी होती हे एक कारण झाले. दुसरे मला अधिक महत्त्वाचे वाटते. जयपूरने वॉर्नला चार षटके टाकण्यापुरते घेतलेच नव्हते. तो कर्णधार होता, प्रशिक्षक होता आणि कोणता पोरगा कुठे खेळेल हे ठरवणारा होता. एकोणीस वर्षांचा रवींद्र जडेजा, गोव्याहून आलेला स्वप्नील अस्नोडकर, युसूफ पठाण यांच्याकडून त्याने जे काढून घेतले ते धावफलकावर त्याच्या नावे लागत नाही. शिवाय मानधनाबरोबर संघाच्या मालकीतील अल्पसा हिस्सा दर वर्षी आपल्याला मिळत होता, असे पुढे वॉर्ननेच जाहीरपणे सांगितले. म्हणजे त्याचा काही मोबदला येणाऱ्या दिवसांवर अवलंबून होता.

राहुल द्रविडचेही तसेच. जानेवारी २०११ च्या लिलावात पाच लाख डॉलरला जयपूरने त्याला घेतले तेव्हा तो अडतिशीत पोहोचत होता. त्याच लिलावात सौरव गांगुलीला कोणी घेतलेही नव्हते. इंदूरला जन्मलेला, घरी मराठी बोलणारा द्रविड पुढे या संघाचा कर्णधार झाला. २०१३ मध्ये त्याच्या संघात एक एकेचाळीस वर्षांचा मुंबईकर लेगस्पिनर आला, प्रवीण तांबे. तोवर प्रथम श्रेणीचा एकही सामना न खेळलेला, क्लब क्रिकेटमध्ये वर्षानुवर्षे घाम गाळलेला. किंमत १० लाख रुपये. त्या वर्षीच्या चॅम्पियन्स लीगमध्ये पाच सामन्यांत १२ बळी घेऊन तो सर्वाधिक बळी घेणारा ठरला आणि पुढच्या वर्षी आयपीएलमध्ये त्याने हॅट्ट्रिक केली. ज्याच्या नावाभोवती वलय नाही त्याच्या अनुभवाची किंमत बाजार फुगवत नाही. (आणि ज्येष्ठ माणूस शेजारी असला म्हणजे सगळे सुरळीत चालते असेही नाही. २०१३ च्याच मे महिन्यात या संघातील तीन खेळाडूंना स्पॉट-फिक्सिंगच्या प्रकरणात अटक झाली. द्रविड कर्णधार होता.)

आता माझ्या फाइलीकडे येतो. आमच्याकडे लिलाव नसतो, नियम असतो. वित्त मंत्रालयाच्या ९ डिसेंबर २०२० च्या आदेशानुसार कंत्राटावर घेतलेल्या निवृत्त केंद्रीय कर्मचाऱ्याला शेवटच्या मूळ वेतनातून मूळ निवृत्तिवेतन वजा करून उरेल तेवढी रक्कम दरमहा द्यायची. विजेत्याचा शाप इथे नाही. पण नीट पाहिले तर आपणही भूतकाळालाच पैसे देतो. समोर काम काय आहे हे त्या सूत्रात कुठेच येत नाही. आणि सरकारी पैशाखेरीज आणखी एक किंमत असते, ती कोणत्याच टिपणीत लिहिली जात नाही : त्या खुर्चीवर जो तरुण सहायक बसला असता, त्याचे न शिकणे.

दुसऱ्या दिवशी मी त्या गृहस्थांना बोलावले. चहा मागवला. मी त्यांच्याहून वयाने लहान, त्यामुळे विचारणे अवघड होते, पण विचारले, "साहेब, तुम्ही उद्यापासून आला नाहीत तर सेक्शनमधले कोणते काम अडेल?"

ते जरासे हसून म्हणाले, "सगळेच."

त्यांना ते अभिमानाने सांगायचे होते. मी मात्र अस्वस्थ झालो. दोन वर्षांनंतरही सगळेच अडत असेल तर या दोन वर्षांत आपण काय विकत घेतले? न्यायालयातील सेवाविषयक जुन्या प्रकरणांचा इतिहास त्यांच्या डोक्यात होता. कोणत्या प्रकरणात कोणते शपथपत्र कधी गेले, हे ते फाइल न उघडता सांगत. आणि म्हणूनच कोणी फाइल उघडत नव्हते.

मी वर्षाऐवजी सहा महिन्यांची मुदतवाढ लिहिली. अट घातली की प्रत्येक प्रलंबित प्रकरणावर त्यांनी टिपण तयार करावे आणि उत्तरांचे मसुदे दोन तरुण सहायकांनी करावेत. त्यांनी फक्त दुरुस्त्या कराव्यात. त्यांना ते लागले. "साहेब, तुम्हीही कधीतरी निवृत्त होणारच आहात," एवढेच ते म्हणाले. खरे होते. मला तीन वर्षे उरली आहेत, आणि निवृत्तीनंतर कुठेतरी सल्लागार म्हणून बोलावणे येईल ही आशा माझ्याही मनात नाही असे मी शपथेवर सांगू शकणार नाही.

हा निर्णय फुकट पडला नाही. ऑगस्टमध्ये एका सहायकाकडून उत्तर दाखल करायची तारीख चुकली. ती त्यांच्याकडून कधीच चुकली नसती. न्यायालयात विलंबमाफीचा अर्ज करावा लागला, वरून विचारणा आली आणि तिचे उत्तर मी स्वतःच्या सहीने दिले. त्या आठवड्यात सेक्शनमध्ये माझ्याकडे कोणत्या नजरेने पाहिले जात होते ते मला कळत होते. पण टिपणे तयार होत होती. सुरुवातीला तुटक, दोन-दोन ओळींची. पुढे पुढे त्यांनी त्यात इतके लिहिले की काही टिपणे मूळ फाइलीपेक्षा वाचनीय झाली.

नोव्हेंबरच्या मध्यात त्यांची मुदत संपली. त्याच सुमारास बातमी आली होती की रवींद्र जडेजा चेन्नईहून पुन्हा जयपूरच्या संघात येतो आहे, सदतिसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर. सोमवारी ते ओळखपत्र परत करायला आले तेव्हा वर्तमानपत्र माझ्या टेबलावरच होते.

"किती देताहेत त्याला?" त्यांनी विचारले.

"अठरा कोटी होते. चौदा केले."

"कमी करूनही आला?"

"आला."

त्यांनी चष्मा लावून बातमी पुरती वाचली, वर्तमानपत्राची घडी घालून ठेवली आणि त्या दोन सहायकांपैकी धाकट्याला आत बोलवा म्हणाले. एका प्रकरणाच्या टिपणात त्यांना तारीख दुरुस्त करायची होती.